व्हिडिओची नक्कल नको, मुलांना मूळ वस्तूपर्यंत नेऊ या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर उपक्रमांची यादी येते. एक हस्तकलेची वस्तू, एक स्वरचित कविता, जमल्यास घरच्या घरी एक हस्तलिखित अंक, आणि खाली दोन-तीन व्हिडिओंच्या लिंक. मुले व्हिडिओ लावतात, थांबवत थांबवत तीच वस्तू त्याच रंगात करतात आणि कविता कुठून तरी उतरवून घेतात. सुट्टी संपल्यावर वर्गातल्या फळीवर एकाच साच्यातल्या वस्तू ओळीने मांडलेल्या दिसतात. यात मुलांचा काही दोष नाही. त्यांना दिलेला दुवाच तयार उत्तराचा असतो. त्याच इंटरनेटवर संग्रहालयांतल्या वस्तूंची मोठी, स्पष्ट छायाचित्रे मोफत आहेत, जुने शब्दकोश आहेत, जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण आहे. हे साहित्य मुलांपर्यंत पोचत नाही आणि पोचले तरी त्याचे पुढे काय करायचे हे कोणी सांगत नाही. ते मापांसकट सांगावे आणि शेवटी आपल्या बालपुरवणीसाठी काही विनंत्या कराव्यात, यासाठी हे पत्र.

उदाहरण हस्तलिखित दिवाळी अंकाचे घेतो, कारण त्यात हात आणि लेखणी दोन्ही लागतात. का. र. मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळी आणि अंक यांची जोडी आहे. शाळेतले हस्तलिखित हे त्याच घराण्यातले धाकटे भावंड. अंकाला विषय मात्र ‘निसर्ग’ किंवा ‘माझा देश’ असा अघळपघळ देऊ नये. एक वस्तू द्यावी. आम्ही सुचवू ती वस्तू म्हणजे अडकित्ता. तो अनेक घरांत अजून सापडतो, त्याला हलणारा सांधा असतो, आणि त्याच्याभोवती पानाचा डबा, चंची, कात, चुना, तबक असे सगळे जग गोळा झालेले असते.

शोध घेताना पहिली अडचण भाषेची येते. परदेशी संग्रहालयांच्या शोधपेटीत ‘अडकित्ता’ लिहून काही हाती लागत नाही. तिथे ‘बीटल नट कटर’ किंवा ‘अरेका नट कटर’ हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने (betel, areca) टाकावे लागतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये, क्लीव्हलँडच्या कला संग्रहालयाने जानेवारी २०१९ मध्ये आणि स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये हक्कमुक्त वस्तूंची छायाचित्रे सीसी-झीरो परवान्याखाली खुली केली. ती उतरवून घ्यायला, छापायला, कापायला, बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. शोधताना ‘ओपन अ‍ॅक्सेस’ची खूण केली की फक्त अशीच चित्रे समोर येतात. एका ठिकाणी मनासारखे मिळाले नाही तर दुसऱ्या ठिकाणी, नाहीतर विकिमीडिया कॉमन्सवर पाहावे. पुण्याच्या मुलांना राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते प्रत्यक्ष पाहता येतात. ज्यांना ते जमेल त्यांनी पडद्यावर भागवू नये.

चित्राखाली दिलेली नोंद बहुतेक जण वाचत नाहीत. तिच्यात धातू, प्रदेश, शतक आणि मुख्य म्हणजे मापे असतात. मापे इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये दिलेली असतात. ‘एच’ म्हणजे उंची, ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंदी, ‘डी’ म्हणजे खोली. या आकड्यांवरून वस्तूचा खरा आकार कागदावर आखता येतो. पडद्यावर हातभर दिसणारी वस्तू प्रत्यक्षात वीतभर असते, आणि हे कळले की मूल तिच्याकडे निराळ्या नजरेने बघू लागते.

मग दहा मिनिटे फक्त बघायचे. वहीत पंधरा निरीक्षणे लिहायची आणि त्यात ‘सुंदर’, ‘सुबक’, ‘नक्षीदार’ ही विशेषणे वापरायची नाहीत. पाते कुठे जाड आहे? मुठीचा कोणता भाग झिजून गुळगुळीत झाला आहे? त्यावर मोर असेल तर तो कोणत्या बाजूला तोंड करून आहे? त्यानंतर चित्र बंद करून आठवणीने रेखाटन करायचे, पुन्हा उघडून चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करायच्या. चित्र समोर ठेवून काढले तर हात बाह्यरेषा गिरवतो आणि डोके बाजूला राहते. आठवणीतून काढले की नेमके काय समजले नव्हते ते उघडे पडते. अडकित्त्याच्या बाबतीत ते बहुधा सांध्याशी असते. मुले सांधा कात्रीसारखा मधोमध काढतात. अडकित्त्याचा सांधा एका टोकाला असतो, सुपारी सांध्याजवळ बसते आणि हात दुसऱ्या टोकाला. सांध्यापासून हात १५ सेंटिमीटरवर आणि सुपारी ३ सेंटिमीटरवर असेल, तर हाताचा जोर सुपारीवर सुमारे पाचपट होऊन पडतो. विज्ञानाच्या पुस्तकातली दुसऱ्या प्रकारची तरफ ती हीच. ज्याने हे रेखाटनात पकडले, त्याला पुढे अडकित्त्यावर लिहायलाही काहीतरी सापडलेले असते.

हाच अडकित्ता अंकाच्या मुखपृष्ठावर हलता करता येतो. ए-फाइव्ह आकाराच्या अंकाचे मुखपृष्ठ २१ सेंटिमीटर उंच असते, त्यावर १६ सेंटिमीटर लांबीचा अडकित्ता उभा बसतो. ३०० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कार्डशीटचे दोन थर चिकटवून अडकित्त्याचे दोन हात, म्हणजे दांडे, कापावेत. दोन्ही थरांचा ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, हाताच्या लांबीला समांतर ठेवावा. एक उभा आणि एक आडवा ठेवला तर वाळताना हात वाकडा होतो. भोक आरीने पाडावे आणि ते कडेपासून निदान ८ मिलिमीटर आत असावे, नाहीतर चार वेळा उघडमीट केली की कड फाटते. सांध्याला दोन पायांची पितळी स्प्लिट पिन वापरावी आणि दोन्ही हातांच्या मध्ये कार्डाची १ सेंटिमीटर व्यासाची चकती घालावी, म्हणजे कागद कागदावर घासून अडकत नाही. पिन मिळाली नाही तर शर्टाची दोन बटणे आणि जाड दोरा पुरतो. खालचा हात पाठीच्या म्हणजे शिवणीच्या बाजूला चिकटवावा आणि वरचा मोकळा ठेवावा, जेणेकरून तो बाहेरच्या कडेकडे उघडेल. पिनेचे पाय मुखपृष्ठाच्या आत उलगडतात आणि पहिल्या पानाला ओरखडे पाडतात, म्हणून त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायला विसरू नये.

व्हिडिओची पाळी आता येते. वस्तू काय करायची हे ठरलेले आहे, पण शिवण कशी घालायची किंवा घडी कशी पाडायची हे हाताच्या हालचाली बघूनच नीट कळते. त्यासाठी व्हिडिओइतके चांगले साधन नाही. पहिल्यांदा पूर्ण वेगाने, हातात काहीही न घेता बघावा. मग वेग निम्मा करावा. संगणकावर यूट्यूब थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक चौकट मागे-पुढे नेता येते, आणि गाठ मारताना दोरा कोणाच्या वरून गेला हे त्यातून दिसते. व्हिडिओत काय दाखवलेले नाही याचीही टीप ठेवावी. वाळण्याचा वेळ जवळजवळ नेहमी कापलेला असतो. दोन सेकंदांत कोरडा झालेला पुठ्ठा प्रत्यक्षात रात्रभर वजनाखाली ठेवलेला असतो, आणि मूल तो पाच मिनिटांत उचलते म्हणून तो पोळीसारखा फुगतो.

परदेशी नमुन्यांत मापांचा घोळ होतो. अमेरिकेत ‘६५ पौंड कव्हर’ असे लिहिलेला कागद म्हणजे आपल्याकडचा साधारण १७५ जीएसएमचा. त्यांचा ‘लेटर’ कागद २१६ बाय २७९ मिलिमीटर आणि आपला ए-फोर २१० बाय २९७. त्यामुळे तिकडचा नमुना ए-फोरवर ‘फिट टू पेज’ करून छापला की तो सुमारे तीन टक्क्यांनी लहान होतो. नुसते चित्र असेल तर काही बिघडत नाही. पण डबीचे झाकण एका नमुन्यातून आणि तळ मोजून आखलेल्या कार्डातून केला असेल, तर १० सेंटिमीटरला ३ मिलिमीटरचा फरक पडतो आणि झाकण बसत नाही. छापताना ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडावे आणि नमुन्यावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून मगच कात्री लावावी. छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचे असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. साधे पाठवले की ते दाबले जाते आणि नक्षीचे बारकावे नेमके तिथेच जातात.

आता बांधणी. हस्तलिखित अंक महिन्याभरात सुटा होतो याचे मूळ बहुतेक वेळा कागदाच्या ग्रेनमध्ये असते. कागदातले तंतू एका दिशेने पडलेले असतात, त्या दिशेला समांतर घडी स्वच्छ पडते आणि आडवी घातली तर कड फुटते व पाने फुगून उभी राहतात. दुकानातल्या बहुतेक ए-फोर कागदांचा ग्रेन लांबीच्या दिशेने असतो, म्हणून तो मधोमध घडी घालून ए-फाइव्ह केला की घडी ग्रेनला आडवी जाते. उपाय सोपा आहे. ए-थ्री कागद घ्यावा, त्याचा ग्रेन लांबीच्या दिशेने आहे याची खात्री करावी आणि तो मधोमध कापून दोन ए-फोर करावेत. आता घडी ग्रेनला समांतर येते. खात्री करायला कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वळतो, त्या वळणाची रेषा ग्रेनला समांतर असते. कळले नाही तर दोन बोटे रुंद चौकोन कापून एका बाजूने ओला करावा. तो गुंडाळला जातो आणि त्या गुंडाळीची नळी ग्रेनची दिशा दाखवते. हातकागदात तंतू सर्व दिशांना पडलेले असतात, त्यामुळे हा त्रास जवळजवळ नसतो, फक्त शाई फुटते का ते आधी कोपऱ्यात तपासून घ्यावे.

ए-फोरचे आठ ताव मधोमध घडी घालून एकात एक घातले की ३२ पृष्ठे होतात. शिवण्यापूर्वी रद्दी कागदाची डमी करून तिच्यावर पृष्ठक्रमांक टाकावेत. एका तावाच्या एकाच बाजूला येणाऱ्या दोन क्रमांकांची बेरीज नेहमी ३३ येते: १ बरोबर ३२, २ बरोबर ३१, अगदी मध्ये १६ बरोबर १७. हा नियम माहीत नसला की कवितेचा उत्तरार्ध पूर्वार्धाच्या आधी येतो आणि सगळे पुन्हा लिहावे लागते. शिवणीकडचा समास २ सेंटिमीटर सोडावा. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे आठ तावांत आतली पाने बाहेरच्या पानांपेक्षा जवळजवळ १ मिलिमीटर पुढे येतात. शिवून झाल्यावर ही कड कापावी लागते, म्हणून बाहेरचा समासही दीड सेंटिमीटर ठेवावा. ओळी आखताना दोन ओळींत १० ते १२ मिलिमीटर अंतर असू द्यावे. इंग्रजीसाठी आखलेल्या अरुंद ओळीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत किंवा रफारात अडकतो आणि चांगले अक्षरही गचाळ दिसते.

शिवणीसाठी घडीवर पाच खुणा कराव्यात: वरून १.५, ६, १०.५, १५ आणि १९.५ सेंटिमीटरवर. अंक अर्धवट उघडा ठेवून आतून आरीने भोके पाडावीत. भोक दोऱ्याइतकेच असावे, मोठे झाले की शिवण सैल पडते. गोधडीचा दोरा ५५ ते ६० सेंटिमीटर घ्यावा आणि मेणबत्तीवर दोनदा ओढावा, म्हणजे तो गुंतत नाही आणि गाठ सरकत नाही. आतून सुरुवात करून मधल्या, म्हणजे तिसऱ्या भोकातून बाहेर यावे आणि आत ८ सेंटिमीटर टोक सोडावे. चौथ्यातून आत, पाचव्यातून बाहेर, परत चौथ्यातून आत. आता तिसरे ओलांडून दुसऱ्यातून बाहेर, पहिल्यातून आत, दुसऱ्यातून बाहेर, आणि तिसऱ्यातून आत. चौथ्यापासून दुसऱ्यापर्यंत गेलेला लांब टाका मध्ये येतो. दोन टोके त्याच्या दोन बाजूंना घेऊन त्यावर गाठ मारायची. परतताना सुई पहिल्या दोऱ्यातूनच गेली तर तो चिरतो आणि मग ताणता येत नाही, म्हणून आधीचा दोरा बाजूला धरावा. ताण नेहमी घडीच्या दिशेने द्यावा. पानाकडे ओढला की भोकापासून कागद चिरत जातो, आणि ते नंतर कशाने जुळत नाही.

मुखपृष्ठाच्या कार्डाला घडी घालण्यापूर्वी रिकाम्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ ओढावी, नाहीतर घडीवर भेगा पडतात. त्यावर कागद चढवायचा असेल तर मैद्याची खळ उत्तम. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गाठी मोडेपर्यंत कालवावा, मग एकूण दहा-बारा चमचे पाणी होईल इतके घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटे सतत ढवळावे. पांढुरकेपणा जाऊन ती अर्धपारदर्शक दिसू लागली की उतरवावी आणि गार झाल्यावर मलमलीतून गाळावी. गरम पाण्यात कोरडा मैदा टाकला तर गाठी होणारच. फ्रिजमध्ये खळ दोन-तीन दिवस टिकते. कीड लागू नये म्हणून पूर्वी तीत मोरचूद घालत. तो विषारी आहे, मुलांच्या कामात अजिबात नको. ओला कागद पसरतो आणि वाळताना आकसतो, म्हणून एकाच बाजूला कागद लावलेला पुठ्ठा त्या बाजूला वळतो. आतल्या बाजूलाही तेवढ्याच वजनाचा कागद लावावा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवावा.

लेखनाचा भाग आम्हाला याहूनही जिव्हाळ्याचा वाटतो. अडकित्ता म्हटले की मुलांच्या हातून ‘अडकित्त्याचे आत्मवृत्त’ उमटते आणि ते पाठ्यपुस्तकाच्या चाकोरीतून जाते: जन्म, वैभव, अडगळ, अश्रू. याला उतारा म्हणून विषयच लहान करावा. एक संध्याकाळ, एक माणूस, त्याच्या हातात हा अडकित्ता, दोनशे शब्द. वस्तूने बोलायचे नाही, रडायचे तर मुळीच नाही. निरीक्षणांच्या यादीतल्या किमान तीन गोष्टी मजकुरात आल्या पाहिजेत. झिजलेली मूठ यादीत असेल तर ती कोणाच्या हाताने झिजली हे लिहिणाऱ्याला ठरवावे लागते, आणि तिथून गोष्ट सुरू होते.

शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाचा दक्षिण आशियाई शब्दकोशांचा संग्रह इंटरनेटवर मोफत आहे. त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही आहे. मोल्सवर्थचा खरा उपयोग उलटा शोध घेण्यात आहे. मराठी शब्द माहीत असेल तर अर्थ मिळतोच, पण अर्थांच्या मजकुरात ‘अरेका’, ‘पॉटर’, ‘लूम’ असे इंग्रजी शब्द शोधले की त्या त्या धंद्यातले मराठी शब्द रांगेने समोर येतात. सुपारीपाशी खांड, रोठा, चिकणी असे शब्द भेटतात, कुंभाराकडे गेलात तर आवा भेटतो, पावसाकडे गेलात तर झड, उघडीप, पागोळी. त्या काळातल्या जातींविषयीचे काही शेरे या कोशात तसेच आहेत, त्यामुळे लहान मुलांसोबत मोठ्यांनी बसावे. सापडलेले सगळे शब्द लेखात ओतले की तो प्रदर्शनासारखा दिसतो. एका लेखात दोनच नवे शब्द घ्यावेत आणि कंसात अर्थ न देता ते वाक्यातूनच कळतील असे वाक्य रचावे. मग लेख मोठ्याने वाचावा. जीभ जिथे अडते ते वाक्य बदलावे.

कवितेसाठी जात्यावरच्या ओव्यांसारखी शाळा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडीच्या बायकांकडून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या आता ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळामार्फत वाचकांपुढे येत आहेत, अनेकींचा आवाजही ऐकता येतो. आधी ऐकावे, मग वाचावे. तीन ओव्या निवडून ओवी कोणाला उद्देशून आहे, पहिल्या ओळीत डोळ्यांना दिसणारे काय आहे आणि दुसरीत कोणते नाते आले आहे, एवढेच टिपावे. नंतर आपल्या घरातल्या एखाद्या कामावर, मग ते कुकर लावणे का असेना, दोन ओळी रचाव्यात आणि त्या कामाच्या ठेक्यावर म्हणून पाहाव्यात. यमक जुळवण्याच्या नादात ‘छान’, ‘महान’, ‘जान’ येऊ लागले की थांबावे आणि पुन्हा ऐकावे.

संदर्भ तपासायला मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे, जुनी पुस्तके विकिस्रोतावर आणि इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. अर्काइव्हवर अनेक मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, तीही वेगवेगळ्या स्पेलिंगांनी नोंदलेली आहेत. देवनागरीत शोधून मिळाले नाही म्हणजे पुस्तक नाही असे समजू नये. लेखकाचे आडनाव दोन-तीन प्रकारांनी लिहून पाहावे.

हक्कांचा प्रश्न अंक घरात राहतो तोवर फारसा येत नाही, पण त्याची पीडीएफ शाळेच्या संकेतस्थळावर गेली की येतो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे साहित्यावर हक्क राहतो. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. चित्रांच्या परवान्यात ‘बाय’ असेल तर नाव द्यावेच लागते, ‘एनसी’ असेल तर विक्री चालत नाही, ‘एनडी’ असेल तर कापून-बदलून वापरता येत नाही. ब्रिटिश म्युझियमची बरीच छायाचित्रे ‘एनसी’ प्रकारची आहेत, म्हणजे ती अंकात चालतील, पण आनंदमेळ्यात विकायच्या भेटकार्डावर नाही. पिंटरेस्ट या चित्रे जमवायच्या संकेतस्थळावरचे चित्र हा मूळ स्रोत नव्हे. चित्रच शोधपेटीत टाकून उलट शोध घ्यावा, ते पहिल्यांदा कुठे आले हे पाहावे, आणि सापडले नाही तर सोडून द्यावे.

कायद्यापलीकडचीही एक गोष्ट आहे. वारली चित्रे ‘दोन त्रिकोण, एक वर्तुळ’ अशा पाच मिनिटांच्या धड्यांतून सगळीकडे पसरली. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच्या नाचाचे वेटोळे मुलांनी जरूर काढावे. पण लग्नातला पालघट देवीचा चौक सवाशिणी विधी म्हणून लिहितात, तो पेनस्टँडवर किंवा चपलेच्या खोक्यावर नको. आणि चित्राखाली ‘वारली कला’ एवढेच न लिहिता ज्यांचे चित्र बघून शिकलो त्यांचे नाव लिहावे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तरी शाळेच्या भिंतींवर त्यांचे नाव क्वचितच दिसते.

अलीकडे यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआय), बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. विणकामाची, क्रोशाची मोहक चित्रे दिसतात, त्यांचा नमुनाही विकत मिळतो, आणि प्रत्यक्षात ती वस्तू विणताच येत नाही. चित्र मोठे करून एका दोऱ्याचा माग काढावा. तो टाका सोडून मध्येच विरत असेल तर ती वस्तू कोणाच्या हातून झालेली नाही. शब्दांचे अर्थही अशा यंत्रांना विचारून थांबू नये, कोशात ताडून घ्यावेत.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. गुण तयार वस्तूला देण्याऐवजी टिपणवहीला द्यावेत: निरीक्षणांची यादी, लाल दुरुस्त्या असलेले रेखाटन, फसलेली डमी, कवितेचा पहिला आणि शेवटचा खर्डा. ही वही पालकांना उतरवून देता येत नाही.

आपल्या बालपुरवणीकडे तीन मागण्या आहेत. हस्तकलेच्या प्रत्येक नमुन्याबरोबर कागदाचे वजन, ग्रेनची दिशा आणि वाळायला लागणारा वेळ छापावा. चित्र किंवा कल्पना जिथून घेतली त्या संग्रहालयाचे किंवा कलाकाराचे नाव आणि परवाना बारीक अक्षरात का होईना, खाली द्यावा. आणि नमुन्याच्या कडेला ५ सेंटिमीटरची मोजपट्टी छापावी, कारण ई-पेपरवरून उतरवलेले पान घरच्या प्रिंटरवर कोणत्या मापात निघेल याचा नेम नसतो. पट्टी असली की गावाकडच्या मुलालाही छापील प्रत ताडून योग्य टक्केवारी काढता येईल. पट्टी ४.७ सेंटिमीटरची निघाली तर १०६ टक्क्यांनी पुन्हा छापायचे.

आपल्या,
कार्यानुभव आणि मराठी शिकवणाऱ्या दोन शिक्षिका,
पुणे